तलवार महागली की नाणं स्वस्त झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तीन वर्षं एकच ऑनलाइन गेम खेळताहेत. तेव्हा २ लाख नाण्यांना मिळणारी तलवार आज ४५ लाखांना आहे. एका जुन्या सणाला फुकट वाटलेली टोपी ५ लाखांवरून ९ कोटींवर गेली. नुकताच गेममध्ये आणलेला मित्र साधं चिलखत परवडत नाही म्हणून कंटाळला आहे. यात दोष बॉटवाल्यांचा (माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्रॅम लावणाऱ्यांचा) की कंपनीचा? आणि हातातली नाणी तशीच ठेवावीत की वस्तू घेऊन ठेवाव्यात?

गेममधल्या पैशांचा हिशेब लावणं हे गेली बारा वर्षं माझं काम आहे. राक्षस मेल्यावर किती नाणी पडावीत, दुरुस्तीला किती लागावीत, लिलावघराने म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजाराने किती कापून घ्यावं, असले आकडे भरणारा माणूस मीच किंवा माझ्यासारखा कोणीतरी असतो. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता बरोबर आहे. पण आधी एक करा. भाव नाण्यांत मोजणं सोडा आणि तासांत मोजा.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. तीन वर्षांपूर्वी एक तास फार्मिंग केलं, म्हणजे राक्षस मारून नाणी गोळा केली, की साधारण २० हजार नाणी सुटायची, आज साडेतीन लाख सुटतात. म्हणजे तलवार तेव्हा १० तासांची होती, आज १३ तासांच्या आसपास आहे. नाण्यांत बावीस पटींहून जास्त, मेहनतीत सव्वा-दीडपट. जखम भरायची बाटली ४०० वरून ३ हजारांवर गेली म्हणून तुम्ही वैतागलात. पण तेव्हा एका तासात ५० बाटल्या यायच्या, आता ११० च्या वर येतात. बाटली महाग झालेली नाही, निम्म्याहून स्वस्त झाली आहे! टोपी मात्र २५ तासांवरून अडीचशे तासांच्या पुढे गेली, म्हणजे दहापट. एकाच गेममधल्या या तीन वस्तूंच्या कथा तीन आहेत, आणि तिन्हींना ‘महागाई’ म्हटलं की काहीच कळेनासं होतं.

तलवारीच्या वाढीतला मोठा हिस्सा खरी महागाई आहे, म्हणजे नाण्याची किंमत उतरली. बाटली स्वस्त झाली कारण वनस्पती गोळा करणाऱ्यांचं कौशल्य तीन वर्षांत टोकाला पोचलं आणि माल ओसंडून वाहतोय. टोपी परत कधी वाटली गेली नाही. दरवर्षी थोडे लोक खेळ सोडून जातात आणि त्यांच्या खात्यात एकेक टोपी कायमची अडकते. ती आता टोपी राहिलेली नाही, श्रीमंतांची तिजोरी झाली आहे. रुनस्केप या जुन्या ऑनलाइन गेममध्ये २००१ च्या ख्रिसमसला वाटलेल्या कागदी टोप्यांचं नेमकं हेच झालं. त्यांचे भाव एका माणसाला जवळ बाळगता येणाऱ्या नाण्यांच्या मर्यादेच्या पुढे गेले. ही मर्यादा २,१४,७४,८३,६४७ होती, कारण अधिक-उणे चिन्ह धरून ३२ बिटांत त्याहून मोठा आकडा बसत नाही. मग टोपीच्या बदल्यात नाणी अधिक इतर महागड्या वस्तू असा सौदा व्हायला लागला.

खरा मार बसतो तुमच्या मित्राला. त्याचं चिलखत १२ हजारांवरून ६० हजारांवर गेलं, पण सुरुवातीच्या क्वेस्टची (गेमने नेमून दिलेल्या कामगिऱ्यांची) बक्षिसं गेम सुरू झाला तेव्हा कोणीतरी भरून ठेवली आणि नंतर कोणी त्याकडे पाहिलंही नाही. तो तासाला ४ हजारच कमावतो. तेव्हा ३ तासांचं चिलखत आज १५ तासांचं झालं. तुमची कमाई भावांबरोबर वर सरकली, त्याची जागच्या जागी गोठली. महागाई सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याचं उत्पन्न ठरीव आकड्यात बांधलेलं आहे, त्याला ती सगळ्यात जास्त लागते.

आता नाण्याची किंमत उतरते कशी, ते पाहू. आमच्या धंद्यात याला फॉसेट आणि सिंक म्हणतात, मी नळ आणि मोरी म्हणतो. राक्षसाच्या अंगातून पडलेली नाणी, क्वेस्टचं बक्षीस, एनपीसी म्हणजे गेमच चालवतो त्या दुकानदाराला भंगार विकून मिळालेले पैसे, हे सगळे नळ. ही नाणी कोणाच्या खिशातून येत नाहीत, त्या क्षणी हवेतून तयार होतात. दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, लिलावघराचा कर आणि एनपीसीकडून घेतलेला घोडा या मोऱ्या. तिथे गेलेलं नाणं संपतं. खेळाडूने खेळाडूला दिलेलं नाणं मात्र फक्त खिसा बदलतं. “लोक भरमसाट भावाने विकतात म्हणून महागाई होते” हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. विकणाऱ्याने ९ कोटी मागितले म्हणून जगात एक नाणंही वाढत नाही. ९ कोटी देणारा कोणीतरी आहे आणि ते त्याच्याकडे कुठून तरी आले, हा शोधायचा मुद्दा आहे.

नळ कुठे गळतोय हे बऱ्याचदा आम्हालाच दिसत नाही. या क्षेत्रातली एक जुनी गोष्ट १९८० च्या दशकातली, लुकासफिल्मच्या हॅबिटॅटमधली आहे. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर फोन लाइनीने खेळायचं जग. तिथे दर दिवशी आत आल्यावर १०० टोकन मिळत. एका विक्रीयंत्रात बाहुली ७५ टोकनला होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेलं गहाणाचं यंत्र तीच बाहुली १०० ला विकत घ्यायचं. काही जणांनी साठवलेले सगळे टोकन घालून बाहुल्या घेतल्या आणि रात्रभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. हातात भांडवल जमल्यावर तोच खेळ १८ हजारांना मिळणाऱ्या आणि ३० हजारांना विकल्या जाणाऱ्या स्फटिकगोळ्यांवर केला. सकाळी चालवणाऱ्यांनी पाहिलं तर जगातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही प्रामाणिकपणे कमावलंय. तसं पाहिलं तर खरंच होतं.

हे वाचून मी हसायचो. मग माझ्या हाताखाली तेच घडलं. गेमचं नाव सांगत नाही. चामडं दुकानदाराकडे १४ नाण्यांना, दोरा २ ला, एका हातमोज्याच्या जोडीला तीन दोरे. खर्च २०, आणि तयार जोडी दुकानदार १८ ला घ्यायचा. जोडीमागे २ नाण्यांचा तोटा, म्हणजे गणित सुरक्षित. दोन वर्षं कोणी त्याला हात लावला नाही. मग एका उत्सवाला आमच्यातल्याच एकाने ‘कारागिरांना २५ टक्के जास्त माल’ अशी सवलत चालू केली. आता एका जोडीच्या खर्चात सरासरी सव्वा जोडी निघायला लागली. सव्वा गुणिले १८ म्हणजे साडेबावीस. तोट्याच्या जागी अडीच नाणी नफा. अडीच नाण्यांसाठी कोण बसणार, असं वाटतं ना? मॅक्रो, म्हणजे तीच बटणं आपोआप दाबणारी सोय, लावला की दीड सेकंदाला एक जोडी शिवून होते, तासाला २,४००. म्हणजे ६ हजार नाणी तासाला, एका खात्यामागे, झोप न घेता. वीसवीस खाती चालवणारे लोक होते. तीन रात्रींनंतर मी नोंदींचा आलेख उघडला, तर हातमोज्यांची रेघ सरळ भिंतीसारखी वर गेलेली.

त्या तीन रात्रींत एक गोष्ट मी जवळून पाहिली, ती तुमच्या कामाची आहे. नवा पैसा आला म्हणून सगळे भाव एकदम वाढले नाहीत. आधी सगळ्यात महागडा घोडा उचलला गेला, मग दुर्मीळ शस्त्रं, मग ती शस्त्रं विकलेल्यांच्या हातात पैसा आला आणि उत्तम धातूचे भाव चढले. बाटल्या आणि भाकरी आठवड्याने हलल्या. ज्याच्या हातात नाणी आधी पडली त्याने जुन्या भावात खरेदी केली, ज्याच्यापर्यंत ती शेवटी पोचली त्याने नव्या भावात. रिचर्ड कॅन्टिलॉन या अर्थतज्ज्ञाने अठराव्या शतकात खऱ्या जगाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. मी ते हातमोज्यांमुळे शिकलो.

आता बॉट. तुम्हाला वाटतं तितकं हे प्रकरण सरळ नाही. राक्षस मारून नाणी गोळा करणारा बॉट नळ उघडतो, त्याने भाव चढतात. पण खाणीत बसून लोखंड काढणारा बॉट नाणी बनवत नाही, लोखंड बनवतो, आणि त्याने लोखंड स्वस्त होतं. तुमच्या बाटल्या स्वस्त झाल्या त्यात बॉटांचाही हात असू शकतो. बॉटांचा बंदोबस्त झाला की कच्च्या मालाचे भाव दुसऱ्याच आठवड्यात चढतात आणि तेच लोक, ज्यांनी बंदोबस्त मागितला होता, महागाईची तक्रार घेऊन येतात. शिवाय औषध रोगापेक्षा जड होऊ शकतं. रुनस्केपने खऱ्या पैशांत नाणी विकणाऱ्यांना रोखायला २००८ च्या सुरुवातीला खेळाडूंमधल्या एकतर्फी देवाणघेवाणीवर मर्यादा घातली. मित्राला भेट देणंसुद्धा अवघड झालं. लोक चिडून निघून गेले, आणि २०११ च्या फेब्रुवारीत मुक्त व्यापार परत आणावा लागला.

युद्धाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. मोठी लढाई झाली, अब्जावधींचं सामान जळालं, आता महागाई उतरेल, असं लोक म्हणतात. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये २७-२८ जानेवारी २०१४ ला बी-आर-५-आर-बी या ठिकाणी लढाई झाली, ७५ टायटन म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं एका लढाईत गेली. पण जळालं ते जहाज. नाणं जळालं नाही. उलट त्या गेममध्ये जहाज गेलं की विमा मिळतो, आणि विम्याचा पैसा गेम हवेतून देतो. म्हणजे माल कमी आणि पैसा थोडा जास्त. युद्धाने कारखाने चालतात, खाणवाल्यांची चांदी होते, ते सगळं खरं. महागाई मात्र त्याने उतरत नाही. ईव्हवाल्यांनी २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या खऱ्या अर्थतज्ज्ञाला नोकरीवर ठेवलं आणि नळ-मोऱ्यांचे आकडे नियमित छापायला सुरुवात केली, ती उगीच नाही. तुमच्या गेमची कंपनी असे आकडे छापत असेल तर भावांच्या गप्पा सोडून तो तक्ता वाचायला शिका.

मोरीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तुमच्या गेमची खरी गाठ मला तिथे दिसते. तुम्ही लिहिलंय की तलवारीची दुरुस्ती आजही ५०० नाण्यांत होते. हेच! ५०० नाणी तीन वर्षांपूर्वी दीड मिनिटाची कमाई होती, आज पाच सेकंदांची आहे. मोरी आकड्यात बांधली की महागाईबरोबर तिचं तोंड आपोआप बारीक होतं. पैसा वाढतो तसा निचरा वाढायला हवा, इथे उलट होतं, आणि मग भाव आणखी जोरात पळतात. टक्क्यांतली मोरी मात्र भावाबरोबर वाढते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं लिलावघर विक्रीतले ५ टक्के कापतं. दहा लाखांची वस्तू असो की दहा हजारांची, हिस्सा तेवढाच. ओल्ड स्कूल रुनस्केपने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या बाजारावर १ टक्का कर लावला, २०२५ मध्ये तो २ टक्के केला. त्यातली एक चतुराई मला फार आवडते. कराच्या पैशातून गेम स्वतःच बाजारातून काही वस्तू विकत घेतो आणि नष्ट करतो. टिकाऊ वस्तू कधी मरतच नाहीत, वर्षानुवर्षं साचत जातात आणि त्या मिळवायला घाम गाळणाऱ्याला पुढे काहीच मोल मिळत नाही. तो साचलेला गाळही असा थोडाथोडा उपसला जातो.

श्रीमंतांच्या हौसेची मोरीही असते. वॉरक्राफ्टमध्ये २०१८ मध्ये ५० लाख गोल्डचं एक अवाढव्य डायनासोर वाहन आलं, पाठीवर लिलावघर घेऊन फिरणारं. ज्यांनी आधीच्या काळात गॅरिसनच्या, म्हणजे स्वतःच्या तळावरच्या, मोहिमांवर घरबसल्या गोल्ड जमवला होता, त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा हा मार्ग. पण अशी मोरी एकदाच वाहते. घेणाऱ्यांनी घेतलं की संपलं.

खऱ्या पैशाने टोकन घ्यायचं आणि गेममध्ये नाण्यांना विकायचं, ही सोय तुमच्याकडे गेल्या वर्षी आली, आणि तुमच्या मते महागाई तिथून सुरू झाली. टोकन स्वतः नाणी बनवत नाही. वॉरक्राफ्टचं टोकन एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत ३० हजार गोल्डपासून सुरू झालं. तो गोल्ड दुसऱ्या कोणा खेळाडूच्या खिशातूनच येतो. पण परिणाम होतो, हे तुमचं म्हणणं चूक नाही. ज्याच्या तिजोरीत नाणी वर्षभर झोपली होती, तो टोकन घेऊन महिन्याची वर्गणी वाचवतो, आणि ती झोपलेली नाणी एका घाईतल्या खर्चिक माणसाच्या हातात जातात. पैसा तेवढाच, पण तो पळायला लागतो, आणि पळणारा पैसा भाव चढवतो. नवा विस्तार, म्हणजे गेमचा नवा मोठा भाग, आल्यावर जुने खेळाडू परततात तेव्हाही हेच होतं. साचलेलं धरण फुटल्यासारखं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय धरून ठेवायचं. दीर्घकाळ नाणी धरू नका, एवढं नक्की. एक-दोन आठवड्यांच्या खर्चापुरती ठेवा. पण नाण्यांतून पळून तलवारीत जाऊ नका. पुढच्या विस्तारात हिरव्या रंगाची, म्हणजे साध्या प्रतीची, कुठलीही फुकट तलवार तिच्याहून जोरदार असेल, आणि मग ४५ लाखांची वस्तू दुकानदाराला भंगारात घालावी लागेल. ताकदीच्या वस्तू नासतात, फक्त दिसायला चकचकीत राहतात. कच्चा माल त्या मानाने बरा, पण त्यातही मी भाजलोय. एकदा नव्या विस्ताराच्या आधी मी, स्वतः हा धंदा करणारा माणूस, दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये दोन महिने चांदीचं खनिज साठवलं. वस्तू बनवायच्या जुन्या कृतींना चांदी लागायची म्हणून नव्यांनाही लागेल हा हिशेब. नव्या कृतींत चांदीचं नावही नव्हतं. गोदामं भरलेली होती आणि घेणारा एकही नव्हता. बायको आजही चांदीचा भाव विचारते. तेव्हापासून माझा नियम असा की एकाच कृतीत लागणारा माल साठवायचा नाही. पाच-सहा ठिकाणी लागणारा, वापरला की संपणारा, आणि दर आठवड्याला लढणाऱ्यांना घ्यावाच लागणारा माल धरायचा. नफा थोडा, पण झोप शांत.

मित्राला सांगा, सुरुवातीची क्वेस्ट पैशासाठी करूच नकोस. तिथली कमाई गोठलेली आहे. त्याने वनस्पती, लोखंड, कातडं गोळा करून खेळाडूंना विकावं. तुमच्यासारख्यांच्या हातात नाणी जास्त आणि वेळ कमी आहे, म्हणून तुमच्या बाजारात त्याच्या तासाला आजचा भाव मिळतो. कौशल्य वाढलेल्या लोकांनी बाटल्यांचा बाजार स्वस्त केला असला तरी त्यांना सुरुवातीच्या इलाख्यातलं कातडं सोलायला जायचा कंटाळा असतो. लिलावघरात शोधा, नवख्यांच्या इलाख्यातला माल बहुतेक वेळा चकित करेल इतका महाग असतो. एका संध्याकाळीत त्याचं चिलखत निघेल.

कंपनीला लिहिणार असाल तर कमाल भाव ठरवून द्या असं मागू नका. लोक ते मागतात, आणि जिथे मिळतं तिथे व्यापार लिलावघरातून उठून चॅटमध्ये जातो, वस्तूच्या बदल्यात वस्तू चालते आणि कराची मोरीही बंद पडते. डायब्लो २ मध्ये गोल्ड कुचकामी झाला तेव्हा लोक स्टोन ऑफ जॉर्डन नावाच्या अंगठीत भाव सांगायला लागले होते. पुढे त्या अंगठ्यांच्या चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला, ती गोष्ट वेगळी. लोकांना चलन लागतंच. तुमचं चालत नसेल तर ते स्वतःचं शोधतात. तुम्ही मागा ते दोनच: दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या बाजारभावाच्या टक्क्यांत घ्या, आणि सुरुवातीच्या क्वेस्टची बक्षिसं आजच्या भावाला आणा. दुसऱ्या मागणीने थोडी नाणी वाढतील हे मला कळतं. नवख्यांची कमाई एकूण पैशाच्या मानाने इतकी किरकोळ असते की फरक पडत नाही.

राहिली टोपी. तुमच्याकडे एक आहे आणि विकावी का असं विचारलंय. तिचा भाव एका भरवशावर उभा आहे की कंपनी ती परत वाटणार नाही, आणि तो शब्द कंपनीने कधी लिहून दिलेला नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. पुढच्या वर्षी गेमला दहा वर्षं होताहेत. दशकपूर्तीला जुन्या गोष्टी नव्या रंगात वाटायचा मोह मलाही होतो, आमच्या बैठकीत ती सूचना पहिल्या पाच मिनिटांत येते. मी विकली असती, आणि ९ कोटींतली निम्मी नाणी त्याच संध्याकाळी रोज खपणाऱ्या मालात घातली असती.